भाद्रपद येण्यापूर्वी

आषाढातली संध्याकाळ होती. बाहेर पाऊस कोसळत होता आणि दवाखान्यात तापाचे दोन-तीन रुग्णच काय ते उरले होते. अशा वेळी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी पदराखाली उजवा हात धरून आत आल्या. मनगट सुजले होते आणि पाठ्यपुस्तकात दाखवतात तसा त्याला बाक आला होता. ‘‘दोन दिवस झाले, मोरीत घसरले,’’ असे त्यांनी सांगितले. हाताच्या तळव्यावर पडल्यावर मनगटाचे हाड असेच मोडते, त्यामुळे निदानात शंका नव्हती. शंका आली ती त्यांच्या पायांकडे पाहून. दोन्ही पोटऱ्यांवर नखांचे लांब ओरखडे होते आणि त्यांतल्या दोहोंवर रक्ताची खपली धरली होती. मोरीत घसरून असे ओरखडे उठत नाहीत.

मी काही न बोलता ओरखड्यांवर बोट ठेवले. आजींनी दाराकडे पाहिले. मुलगा बाहेर मोबाईलवर बोलत होता. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, मोतीचं नाव घेऊ नका. आता काही झालं तर हायवेला नेऊन सोडीन, असं हा म्हणालाय.’’

कुणाची ओळख पटू नये इतके तपशील बदलून आणि आजींना विचारूनच हा प्रसंग मी लिहीत आहे. नवापूर-बोईसर परिसरात आता अशी घरे पुष्कळ आहेत. मुलगा औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला, सून नोकरीला, नातवाने हौसेने आणलेले पिल्लू, आणि नातू शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला गेल्यावर ते पिल्लू ज्यांच्या पदरात पडते ते आजी-आजोबा. चार महिन्यांचे असताना ते मांडीवर झोपते. आठ महिन्यांचे झाले की एके दिवशी अचानक कुणाचेच ऐकेनासे होते. मोतीची आई गावठी, बाप कुठल्याशा बंगल्यातला लॅब्राडोर. वय आठ महिने, वजन वीस किलो. आजींचे वजन बेचाळीस.

आधी ओरखड्यांचे पाहू, कारण तिथे वेळ दवडून चालत नाही. कुत्रा घरचा असो वा रस्त्यावरचा, त्याच्या दातांनी किंवा नखांनी त्वचा फाटून रक्त आले तर रेबीजच्या दृष्टीने ती गंभीर जखम धरली जाते. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हळद, मिरची, चुना, तेल यांतले काहीही लावू नये. त्यानंतर त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत देण्याचे रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही लागते. ‘आमच्या कुत्र्याला लस दिली आहे’ एवढ्यावर विसंबू नये. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, पण त्या दहा दिवसांत आपली लस थांबवायची नसते. पुढे किती मात्रा लागतील ते डॉक्टर ठरवतील. वय, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांपैकी कशामुळेही ही लस टाळावी लागत नाही. जे स्टेरॉईड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेतात त्यांनी मात्र ते आवर्जून सांगावे.

आजी दोन दिवस गप्प राहिल्या त्यामागे मोतीची काळजी होतीच, पण दुसरीही एक भीती होती आणि ती माझ्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात असेल. ‘‘पोटात चौदा इंजेक्शनं देतात ना?’’ त्यांच्या लहानपणी ते खरे होते. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस पोटावर टोचत असत आणि तिचा त्रासही होई. देशात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस बंद झाले. आज सरकारी रुग्णालयांत बहुधा दंडाच्या त्वचेत, अगदी थोड्या मात्रेत, पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी लस देतात. स्नायूत द्यायची झाल्यास पाच इंजेक्शने होतात, तीही दंडात. हे ऐकून आजींचा चेहरा जरा सैलावला आणि मग त्या मनगटाची खरी हकीगत सांगू लागल्या.

सकाळी मोतीला फिरवायला त्या किनाऱ्याच्या दिशेने गेल्या होत्या. साखळी हातातून निसटू नये म्हणून मनगटाला दोन वेढे दिले होते. समोरून चार-पाच कुत्रे आले, त्यांत एक माजावर आलेली कुत्री असावी. मोतीने झेप घेतली आणि आजी साखळीसकट ओढल्या गेल्या.

अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्ट्याने बांधलेला कुत्रा फिरवताना हाड मोडून आलेले ६५ वर्षांवरचे रुग्ण २००४ मध्ये सुमारे १,७०० होते, ते २०१७ मध्ये ४,४०० च्या घरात गेले. त्यांत दर पाचांपैकी जवळजवळ चार स्त्रिया होत्या आणि सर्वाधिक वेळा मोडलेले हाड खुब्याचे होते. आपल्याकडे असा हिशोब कुणी ठेवल्याचे मी पाहिलेले नाही, पण ठिसूळ हाडे दोन्हीकडे सारखीच. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात. खुब्याचे हाड मोडले की साठवलेली शिल्लक जाते आणि पुष्कळदा स्वतःच्या पायांनी हिंडण्याचे स्वातंत्र्यही जाते. त्यात रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल आणि पडताना डोक्याला मार बसला असेल, तर ‘टेंगूळच तर आहे’ म्हणून घरी बसू नये. अशा माणसांच्या कवटीत रक्त हळूहळू साचते, आणि बोलण्यात गोंधळ किंवा चालण्यात तोल जाणे कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी दिसू लागते.

आता मोतीविषयी. मी माणसांची डॉक्टर आहे. कुत्र्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द पशुवैद्यकांचा. पण टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक दोघांच्या शरीरात एकच आहे. साधारण सहाव्या महिन्यापासून नर कुत्र्याच्या वृषणांतून ते जोमाने स्रवू लागते. मग तो तंगडी वर करून खांबाखांबावर, दारावर, कधी सोफ्याच्या पायावर मुताचे थेंब टाकतो. फाटक उघडे दिसले की पळतो. दुसरा नर दिसला की मानेवरचे केस उभे करतो. उशीवर, पाहुण्यांच्या पायावर, आजींच्या पोटरीवर चढतो. जवळपास कुत्री माजावर असेल तर जेवण टाकून रात्रभर कण्हतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला घरात वाढवलेल्या माणसाला यांतले काहीच फार नवे वाटू नये. वर्षभराने, मोठ्या जातीत दीड-दोन वर्षांनी, हा ज्वर बराचसा ओसरतो.

‘नातवाचं ऐकतो, माझं ऐकत नाही,’ ही आजींची तक्रार होती, आणि त्याला आपण लाडावून ठेवले असे त्यांना वाटत होते. ब्रिटनमधील संशोधकांनी २०२० मध्ये हीच गोष्ट तपासली. पाच महिन्यांचे असताना मालकाच्या सांगण्यावरून बसणारे कुत्रे आठ महिन्यांचे झाल्यावर मालकाचा शब्द मोडू लागले. तोच शब्द अनोळखी माणसाने उच्चारला तर मात्र ऐकत. वय सरल्यावर ही अवज्ञाही सरली. म्हणजे जो माणूस कुत्र्याला सर्वांत जवळचा, त्याच्याशीच तो या वयात हुज्जत घालतो. आजींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे आमच्या नातवासारखंच.’’

आपल्याकडे या सगळ्याला एक ऋतूही आहे. परदेशी पुस्तकांत वाचले तर घरातील कुत्र्या वर्षात केव्हाही माजावर येतात. आपल्या रस्त्यावरच्या गावठी कुत्र्यांचा हंगाम मात्र मुख्यतः पावसाळ्याच्या उत्तरार्धात असतो. मराठीत ‘भाद्रपद’ हा शब्द कुत्र्यांच्या संदर्भात कशासाठी वापरतात हे वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा, त्यामुळे भाद्रपदातली पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षात जन्मतात. थंडीत रस्त्याकडेचे असे एखादे पिल्लू नातवंडे घरी आणतात आणि पुढचा भाद्रपद उजाडतो तेव्हा ते पिल्लू नऊ-दहा महिन्यांचे असते. संप्रेरकांचा भर आणि गल्लीतला हंगाम दोन्ही एकाच महिन्यात येतात, वर रस्ते निसरडे आणि गणपतीमुळे घरात पाहुण्यांची वर्दळ. मोतीचा भाद्रपद यायला आणखी दोन महिने होते आणि आजींचे मनगट आषाढातच मोडले होते.

अशा वेळी लोक काय करतात? मारतात. उपाशी ठेवतात. दिवसभर साखळीला बांधतात, आणि मग सुटला की तो दुप्पट उधळतो. काही जण माझ्याकडेच ‘शांत करणारी गोळी’ मागतात. एका आजोबांनी स्वतःची झोपेची अर्धी गोळी कुत्र्याला चारली होती. अशा गोळ्यांनी काही कुत्रे शांत होण्याऐवजी अधिकच चेकाळतात. आपल्या कपाटातली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉलसारखी वेदनाशामके तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. माणसाचे एकही औषध पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय कुत्र्याला देऊ नका. आणि शेवटचा उपाय, जो आजींच्या मुलाने बोलून दाखवला होता. पाळलेल्या प्राण्याला सबळ कारणाशिवाय वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मी मुलाला कायद्याचे काही बोलले नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला कलमे ऐकवून उपयोग नसतो. एवढेच विचारले की कुत्रा गेल्यावर दुपारभर आई कुणाशी बोलेल?

माझे म्हणणे साधे आहे. हे वर्ष-दीड वर्ष साखळी आजी-आजोबांच्या हातात देऊ नका. घरातला जवान माणूस, शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा, कुणीही चालेल. थोडे पैसे द्यावे लागले तरी खुब्याच्या शस्त्रक्रियेहून ते स्वस्त पडतात. ज्यांचा अगदीच नाइलाज असेल त्यांनी साखळी मनगटाला किंवा बोटांना कधीही गुंडाळू नये आणि कमरेला तर मुळीच बांधू नये. ओढ बसली की हातातून सुटली पाहिजे. गळपट्ट्याऐवजी छातीपुढे कडी असलेला पट्टा वापरला तर ओढ कमी बसते. पायांत चप्पल नको, मागून बंद असलेले बूट हवेत. मासळी उतरण्याच्या आणि ती सुकत घालण्याच्या जागी भटके कुत्रे जमतात, ती वाट आणि ती वेळ टाळावी.

मग आजींनी काय करायचे? कुत्र्याशी जे नाते आहे ते खुर्चीत बसून जपायचे. त्याच्या जेवणातला थोडा भाग मूठभर घेऊन अंगणातल्या गवतात विखरून टाकायचा आणि त्याला हुंगून शोधू द्यायचा. दहा-पंधरा मिनिटांच्या या शोधाने कुत्रा चांगला दमतो. ‘बस’, ‘थांब’ हे दोन शब्द दिवसातून चार-पाचदा, एकेक तुकडा देऊन, न ओरडता शिकवायचे. तो ऐकणार नाही, तरी शिकवायचे. गळ्यात एक घुंगरू बांधायचे, म्हणजे मोतीबिंदू असलेल्या माणसालाही तो पायात येण्याआधी कळतो. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा असू द्यावा.

पायावर चढण्याविषयी स्त्रिया बोलत नाहीत. आजीही लाजत होत्या आणि त्या लाजेपायीच पोटऱ्यांवर महिनाभर ओरखडे सोसत होत्या. यात शरमेचे काही नाही. या वर्तनात संप्रेरकांचा भाग आहे, पण निव्वळ उतावीळपणानेही कुत्रे असे करतात. पाहुणे आले, नातू पुण्याहून आला की अधिक करतात. ओरडणे आणि ढकलणे त्याला खेळ वाटते. उभे असाल तर आधी भिंतीचा किंवा टेबलाचा आधार घ्या, त्याच्याकडे न पाहता खाऊचा तुकडा दूर फेका आणि तो तिकडे गेला की मधले दार लावून घ्या. पाच मिनिटांनी तो विसरलेला असतो. उतारवयात त्वचा कागदासारखी पातळ होते, म्हणून त्याची नखे नियमित कापून घ्यावीत आणि घरात पोटऱ्या झाकणारे कपडे असावेत.

लघवीचेही तसेच. गुळगुळीत लादीवरचा ओला डाग म्हातारपणी घसरगुंडीच ठरतो, शिवाय कुत्र्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो. हातमोजे घालून, साबणाच्या पाण्याने पुसून लादी कोरडी करावी. वास मागे राहिला तर तो पुन्हा तिथेच करील. लघवीवर ब्लीच ओतू नये; त्यातून घशाला झोंबणारा वायू निघतो आणि दम्याच्या रुग्णाला तो सोसत नाही. कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसची लस देता येते, ती रेबीजच्या लसीबरोबर पशुवैद्यकांना विचारावी.

राहिला निर्बीजीकरणाचा प्रश्न. हा विषय निघाला की घरातल्या पुरुषांचा चेहरा पडतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. मोतीच्या घरातले आजोबा, जे तोवर एक शब्द बोलले नव्हते, ते एकदम म्हणाले, ‘‘मुक्या जिवाचं कशाला असं करायचं?’’ त्यांना मी त्यांच्याच प्रोस्टेटची आठवण दिली. नर कुत्र्यांनाही म्हातारपणी प्रोस्टेट वाढून त्रास होतो आणि वृषणे काढलेल्या कुत्र्याला तो होत नाही. आजोबांना हा मुद्दा ताबडतोब पटला.

पण या शस्त्रक्रियेकडून नको ती अपेक्षा ठेवू नये. कॅलिफोर्नियातील पशुवैद्यकांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतर दहांपैकी नऊ कुत्र्यांचे भटकणे कमी झाले. इतर नरांशी भांडणे आणि अंगावर चढणे सुमारे दोनतृतीयांश कुत्र्यांत कमी झाले, तर घरात लघवीच्या खुणा करणे निम्म्यांतच. भीतीमुळे चावणारा कुत्रा मात्र शस्त्रक्रियेने सुधारत नाही, कधी अधिक बिथरतो. त्याला आधी वर्तनाचे उपचार लागतात. मोठ्या जातीत पशुवैद्यक वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, कारण लांब हाडांची वाढ पुरी होण्यात या संप्रेरकांचा वाटा असतो. एखादे वृषण खाली उतरलेले नसेल तर शस्त्रक्रिया टाळू नये. पोटात राहिलेल्या वृषणाला कर्करोगाचा धोका अधिक. शस्त्रक्रियेनंतर स्वभावातला बदल काही आठवड्यांनी दिसतो. आणि भूक तीच राहिली तरी गरज घटते, त्यामुळे चहाबरोबरची पार्ले-जी बंद करावी लागतात. हे शेवटचे पथ्य कुत्र्यापेक्षा आजोबांना जड जाते.

मला स्वतःला या शस्त्रक्रियेच्या बाजूने सर्वांत सबळ वाटणारे कारण वेगळेच आहे. मोकाट फिरून समागम करणाऱ्या कुत्र्यांत एक गाठ संसर्गाने पसरते. लिंगातून रक्ताचे थेंब गळतात आणि घरच्यांना ती लघवीची तक्रार वाटते. ती माणसाला होत नाही आणि औषधांनी बहुधा बरी होते, पण त्यासाठी कर्करोगावरची इंजेक्शने दर आठवड्याला घ्यावी लागतात. पाळीव कुत्र्याचे लसीकरण आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी असल्याचे २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही म्हटले आहे. गुंतागुंतीच्या कुत्र्यासाठी परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयापर्यंत जाता येते, एरवी जवळचे पशुवैद्यक पुरेसे असतात.

मोतीची अंगकाठी पाहून पशुवैद्यकांनी श्रावणातली तारीख दिली. मुलाने रजा घेतली. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा शंकू आजोबांनी दहा दिवस मोठ्या निष्ठेने सांभाळला. आजींचे प्लॅस्टर सहा आठवड्यांनी निघाले. त्यांच्या हाडांची घनता तपासली, ती अपेक्षेप्रमाणे कमी निघाली, औषध सुरू झाले. लसीच्या सगळ्या मात्रा त्यांनी वेळेवर घेतल्या. भाद्रपदात मोती दोन रात्री कण्हला आणि एकदा फाटकावर चढू पाहत होता, पण जेवण त्याने सोडले नाही.

परवा आजी रक्तदाब तपासायला आल्या होत्या. अजूनही तो शेजारच्या मुलाचेच अधिक ऐकतो, असे सांगत होत्या. साखळीही त्याच मुलाच्या हाती आहे. आजी रोज सकाळी बूट घालून त्या दोघांबरोबर फाटकापर्यंत जातात आणि तिथून परततात.